पाइप सुटेपर्यंत

धक्क्यावर त्यांना सगळे थेंबूनाना म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही कारकुनाला ते दोनदा पुकारावं लागे. नानांना ते आपलं वाटतच नसे.

बोटीत डिझेल भरून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. भरणं झालं, नाना पाइप सोडवत होते, आणि धक्क्यावरून त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, विचारलं, "अरे, डबा खाल्लास का?" नानांनी मान वळवून "नाही" म्हटलं. तेवढ्यात पाइपच्या तोंडातून एक थेंब पाण्यात पडला. एकच. पण डिझेलचा थेंब तो. पसरत पसरत गोधडीएवढा झाला. निळा, जांभळा, हिरवा. लोक वाकून वाकून बघायला लागले. एका बाईने तर पोराला कडेवर उचलून "बघ बघ, पाण्यात इंद्रधनुष्य" म्हणून दाखवलंसुद्धा. नाना मात्र कठडा धरून, घरातलं कुणी गेल्यासारखे, "एक थेंब हो, एकच थेंब" करत उभे. त्या दिवशी नाव पडलं. त्यानंतर थेंब काही पडला नाही.

आणि त्याच दिवसापासून नानांनी नियम केला: पाइप जोडल्यापासून पाइप सुटेपर्यंत कामाचंच बोलायचं. डबा, हवा, कुणाचं काय दुखतं, कुणाची म्हैस व्याली, सगळं नंतर. एकदा कप्तानाने चुकून विचारलं, "नाना, वाजले किती?" नानांनी उत्तर दिलं नाही. पाइप सुटल्यावर, टोपण घट्ट बसवल्यावर, हात पुसल्यावर ते शिडी चढून वर गेले आणि म्हणाले, "तेव्हा साडेदहा वाजले होते."

बोट म्हणजे दुमजली फेरीबोट. दिवसभर या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची या काठाला. तिला डिझेल लागलं की टँकर धक्क्यावर येई. त्याआधी नाना बोटीवरचा शेवटचा प्रवासी उतरवत. कोपऱ्यात झोपलेलं म्हातारं असलं तरी गदागदा हलवून उतरवत. मग धक्क्यावर लांबलचक दोरी बांधली जाई. तिच्या आत विडी नाही, काडी नाही, मोबाइल नाही. बोटीवर लाल बावटा चढे. डेकवरचं पाणी जायची भोकं नाना चिंध्या कोंबून बंद करत, म्हणजे सांडलंच तर डेकवर राहावं, पाण्यात जाऊ नये. जोडाखाली पत्र्याचं घमेलं, शेजारी भुशाचं पोतं, दोन्ही टोकांना आग विझवायची लाल नळकांडी. मग टाकीत पट्टी सोडून आत किती आहे ते मापायचं, किती घ्यायचं ते टँकरवाल्याशी ठरवायचं, आणि खुणा पक्क्या करायच्या. कारण पंप सुरू झाला की त्या घरघराटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. हात गोल फिरवला की चालू. तळवा खाली दाबला की हळू. डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की बंद. ताबडतोब, कारण विचारायचं नाही.

"नमनालाच घडाभर तेल!" कप्तान वरून ओरडायचा.

"सांडण्यापेक्षा नमनाला गेलेलं बरं," नाना खालून म्हणायचे. हे अर्थात पाइप जोडण्याआधी.

या सगळ्यात खरी पंचाईत व्हायची ती आक्काची. तिची चहाची टपरी नेमकी दोरीच्या आत यायची, आणि डिझेल भरायचं म्हटलं की स्टोव्ह विझवावा लागायचा. "सख्खा भाऊ आहे की वैरी!" म्हणत ती स्टोव्ह विझवायची आणि दोरीबाहेर जाऊन बाकड्यावर बसायची. रिकामी बसलेली आक्का म्हणजे धक्क्याला दुसरा धोका. नानांनी तिच्यासाठीही काही उपाय करून ठेवायला हवा होता, पण तसं लाल नळकांडं बाजारात मिळत नाही.

नानांचं लग्न झालेलं नव्हतं. व्हायचं राहून गेलं, एवढंच. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्यांची शिक्षणं, मग हे बोटीचं काम. आणि मग एक दिवस आरशात बघितलं तर कानावरचे केस पांढरे. आक्काने मुली आणल्या नाहीत असं नाही. पण नाना मुलीसमोर बसले की त्यांना फक्त खिडकीचा पडदा स्टोव्हच्या किती जवळ आहे तेवढंच दिसायचं, आणि ते तसं सांगूनही टाकायचे. मुलीकडच्यांनी पडदा सरकवला, नाना सरकले नाहीत.

आणि मग टँकरबाई आली.

नवरा टँकर चालवायचा. तो गेला, तेव्हा हिने गाडी विकली नाही, चालवायला घेतली. अंगाने आडवी, पायात जाड बूट, डोक्याला घट्ट रुमाल, आणि हसली की अख्खी केबिन हलायची. घरी सासू आणि ती, दोघीच. पहिल्या दिवशी तिने टँकर धक्क्यावर आणला तो सरळ तोंड फाटकाकडे करून उभा केला, म्हणजे वेळ पडली तर मागेपुढे न करता सुसाट निघता यावं. कुणी सांगण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग नानांसमोर येऊन कमरेवर हात ठेवून विचारलं, "आग लागली तर पळायचं कुठून?"

नाना बघतच राहिले. जगात इतक्या बायका, पण हा प्रश्न त्यांना आजवर एकीनेही विचारला नव्हता.

तेव्हापासून डिझेलच्या दिवशी नाना दाढी करू लागले. बॉयलर सूटला इस्त्री होऊ लागली. आक्काला हे सगळं दिसत होतं; तिला कशाला, फाटकावरच्या कुत्र्यालाही दिसत होतं, कारण त्या दिवशी नाना त्यालाही बिस्कीट द्यायचे. पण बोलणं? बोलणं तेच. चालू, हळू, बंद. टँकरबाई पंपापाशी, नाना टाकीच्या तोंडापाशी, मध्ये लांबलचक पाइप. दोघांनाही जागा सोडायची परवानगी नाही. पाइप सुटला की बाईला पुढची खेप आणि नानांना इंजिनखोली. चालू, हळू, बंद. एवढ्या शब्दांत लोकांचे संसार चालतात, पण सुरू होत नाहीत.

त्या दिवशी टँकर उशिरा आला. धक्क्यावर माणसांचा बाजार भरलेला. सगळ्यांना पलीकडे जायचं होतं आणि सगळ्यांना आधी जायचं होतं. सगळ्यात पुढे एक शिंपी, गळ्यात टेप, हातात कपड्यांचं गाठोडं, आणि दर मिनिटाला "अहो, माझं गिऱ्हाईक उघडं बसलंय" म्हणून ओरडत. नानांनी सगळ्यांना दोरीबाहेर केलं. आक्काने स्टोव्ह विझवला, पण गाळणं विसरलं म्हणून परत आत आली, आणि ते बरंच झालं. कारण त्याच वेळी टँकरबाई केबिनमधून उतरली आणि नानांना म्हणाली,

"नाना, आजची शेवटची खेप बरं का. सोमवारपासून दुसरा डेपो. लांब आहे, दिवसभराची वाट. सासूबाईंनाही घेऊन जातेय. आता इथून एके ठिकाणी उरलेलं रिकामं करते आणि संपलं."

आक्काच्या हातातलं गाळणं खाली पडलं.

नानांच्या चेहऱ्यावरचा रंग असा काही उडाला की शेजारी भुशाचं पोतं टवटवीत वाटावं. ओठ हलले. घसा खाकरला. आक्का मनातल्या मनात देवाला हात जोडून म्हणाली, बोल रे, बोल बाबा.

"ठोकळे लावले का?" नाना म्हणाले.

टँकरबाईने त्यांच्याकडे बघितलं. "लावले," म्हणाली आणि पाइप ओढायला वळली.

"तेल गेलं, तूप गेलं, हाती राहिलं धुपाटणं!" आक्का दोरीबाहेर जाता जाता स्वतःशीच बडबडली. "आणि ते धुपाटणंही हा इस्त्री करून घालील!"

पाइप जोडला. ठिणगी उडू नये म्हणून अर्थिंगची वायर लावली, घमेलं सरकवलं, टाकी मापली. नानांनी हात गोल फिरवला, बाईने पंप सुरू केला आणि धक्का घरघरायला लागला. नाना टाकीच्या हवेच्या नळीपाशी उकिडवे बसले. डिझेल आत शिरलं की आतली हवा त्या नळीतून बाहेर येते. नाना तिच्यावर तळहात धरून बसत, वैद्य नाडी धरून बसतो तसे. पण आज नाडी कुणाची बघायची हाच प्रश्न होता. त्यांची स्वतःचीच इतकी धडधडत होती की नळीतली कुठली आणि छातीतली कुठली ते कळेना.

आक्का बाकड्यावर टेकलीसुद्धा नाही. दोरीच्या कडेकडेने, साडी वर खोचून, बोटीच्या बाजूला आली आणि तोंडाभोवती हातांचा कर्णा करून ओरडली, "अरे ती चालली! कायमची! बोल की काहीतरी!"

"कामाचं असेल तर बोल!" नळीवरची नजर न काढता नाना ओरडले.

"हे कामाचंच आहे मेल्या! जन्माचं काम आहे!"

"पाइप सुटल्यावर!"

"पाइप सुटला की ती पण सुटली!"

नानांनी फक्त तळवा खाली दाबला. हा "हळू" टँकरबाईसाठी होता की आक्कासाठी, ते बाईला कळलं, आक्कासाठी होता. पण आक्का हळू व्हायला जन्मलेलीच नव्हती. तिने तिथेच ठरवलं, याच्या तोंडात दात असून उपयोग नाही, आपलंच तोंड वापरावं. आणि ती वळली. बोटीच्या टोकापासून टँकरच्या टोकापर्यंत दोरीच्या कडेने सुटली ती वाटेतली गाठोडी, टोपल्या, माणसं ओलांडत. शिंप्याचं गाठोडं तिने लाथेने उडवलं, आणि शिंपी "अहो, अहो" करत तिच्या मागे पळाला. तो पळतोय म्हणून आणखी चारजण पळाले. का पळतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण उशीर झालेल्या माणसाला पळायला कारण लागत नाही.

टँकरच्या टोकाला दोरीला पोट टेकवून आक्का ओरडली, "बाई! ए बाई! माझ्या भावाशी लग्न करतेस का?"

टँकरबाईचा एक हात पंपाच्या लाल बटणाजवळ होता, तो तिथेच राहिला. दुसरा कानाकडे गेला. "काय?"

"लग्न! भावाशी! माझ्या!"

"त्यांनी विचारलंय?"

"तो काय विचारतोय! त्याला विचारायला सांगितलं तर ठोकळे लावले का विचारतो! मी विचारतेय!"

मागच्या गर्दीला आता कळलं की पळण्यात अर्थ होता. शिंपी गाठोडं विसरला. "काय म्हणाली? काय म्हणाली?" एकमेकांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकून माणसं पुढे वाकली. दोरी धनुष्यासारखी आत ताणली गेली.

टँकरबाईने तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी. आक्काला वाटलं रडली; आता मऊ झाली, आता घाव घालावा. तिने भावाचे गुण सांगायला सुरुवात केली. पंपाच्या आवाजावर आवाज काढायचा, म्हणून एकेका गुणामागे ती दोन्ही हात हवेत उडवत होती.

तिकडे डेकवर नानांनी मान वर केली. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं, दिसत मात्र होतं. आक्का हात झाडतेय. शिंपी उड्या मारतोय. गर्दी दोरीवर पडलीय. आणि टँकरबाई तोंडावर हात ठेवून गदगदतेय, डोळे पुसतेय. नानांच्या डोक्यात एकच शब्द लख्ख पेटला: गळती.

त्यांनी उभं राहून डोक्यावर हातांची फुली केली.

टँकरबाईने ताबडतोब लाल बटण दाबलं. कारण विचारलं नाही. पंप बंद, इंजिन बंद. अख्ख्या धक्क्यावर अशी शांतता पसरली की पाण्याची चुळुकचुळुक ऐकू यावी. आणि त्या शांततेत, पंपावर मात करायला लावलेल्या खणखणीत आवाजात, आक्का एकटीच ओरडत राहिली,

"आणि घोरत नाही! सख्खी बहीण सांगतेय! सगळं लहानपण एका खोलीत झोपलोय, एक आवाज नाही! आणि दात सगळे स्वतःचे!"

मग तिच्याही लक्षात आलं. तिने तोंड मिटलं, पण वाक्य गेलं ते गेलं. पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेलं असणार.

"गळती कुठे आहे?" नाना ओरडले.

"गळती नाही!" टँकरबाईने आवाज दिला. तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं. "तुमच्या आक्का म्हणताहेत, तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय! खरं का, नाना?"

गर्दीने एकदम माना डावीकडून उजवीकडे वळवल्या, टाकीकडे. वरच्या मजल्यावर कप्तान कठड्यावरून इतका वाकला की त्याची टोपी खाली डेकवर पडली, आणि ती उचलायला तो आला नाही.

नाना उभे. कानांच्या पाळ्या लाल बावट्याच्या रंगाच्या. हात अजून डोक्यावर, फुली तशीच. खाली घ्यायचे राहून गेले होते.

"बोला हो!" शिंपी ओरडला.

"पंप बंद आहे, नाना!" वरून कप्तान. "पंप बंद म्हणजे काम बंद! बोलायला हरकत नाही!"

सगळा धक्का "बरोबर, बरोबर" म्हणाला. पळवाट अशी रुंद होती की तिच्यातून टँकर गेला असता. नानांनी पाइपकडे बघितलं. टाकीच्या तोंडाला घट्ट जोडलेला, डिझेलने भरलेला. आणि त्या माणसाने, आयुष्यात पहिल्यांदा नशीब असं दार उघडून उभं असताना, सांगितलं,

"पाइप जोडलेला आहे अजून. पाइप सुटेपर्यंत... नाही."

"अरे देवा!" आक्का मटकन दोरीवरच बसली, आणि दोरीबरोबर खाली गेली. तिला उचलायला चौघे लागले.

"याला नवरा करू नका, टोपण करा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पण टँकरबाई आता हसत नव्हती. ती बघत होती. मग तिने स्वतःच हात वर करून गोल फिरवला. चालू करू का? नानांनी फुली सोडवली, हात गोल फिरवला. पंप सुरू झाला.

पुढचं भरणं धक्क्यावर कुणीही कधी पाहिलं नव्हतं असं झालं. एरवी लोक पाठ फिरवून जांभया देत. आज सगळे टाचा उंचावून बघत होते. नानांनी तळवा दाबला, तर पन्नासजणांनी तळवे दाबले. नाना नळीला हात लावून मान डोलवत, तर शिंपीही मान डोलवी. "अजून किती?" "अजून आहे थोडं." "टाकी आहे का विहीर!" टोपल्यावाल्या बायका, शाळेचे मास्तर, कडेवरचं पोर, सगळ्यांचा जीव त्या टाकीत अडकलेला. डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणतात ते हे.

आणि मग नानांनी एक चूक केली. त्यांच्या हातून होईल अशी, आणि फक्त त्यांच्याच हातून होईल अशी. एरवी ते ठरलेल्या खुणेपर्यंत थेंबथेंब करून टाकी आणून ठेवत. वरची जागा डिझेल फुगायला मोकळी सोडत, पण खूण म्हणजे खूण. आज त्यांनी चांगलं वीतभर आधीच डोक्यावर फुली केली.

पंप थांबला. टँकरबाईने मीटर बघितलं. "नाना, ठरलं होतं त्याहून कमी आहे. अजून बसतंय की!"

"बसतंय," नाना म्हणाले. "पण आज मला घाई आहे."

थेंबूनानांना घाई! कप्तानाने वरून शिट्टी वाजवली. आक्काने पदर तोंडात कोंबला. पण घाई असो नाहीतर काही असो, पुढचं सगळं नानांनी जसंच्या तसं केलं, आणि माणसं दातओठ खात बघत राहिली. आधी टँकरकडचा व्हॉल्व्ह बंद करवला. पाइप उंच धरून, वीत वीत पुढे सरकत, आतलं डिझेल टाकीत ओघळू दिलं. मग टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, जोड सैल करून घमेल्यात उरलंसुरलं टिपलं. पाइपच्या तोंडाला टोपण. टाकीच्या तोंडाला टोपण. फडक्याने पुसणं. त्या फडक्याचाही काठ पुसणं. "आता त्या फडक्याला आंघोळ घाला!" आक्का किंचाळली. अर्थिंगची वायर शेवटी. पट्टी सोडून परत माप. लाल बावटा खाली. भोकांतल्या चिंध्या एकेक काढल्या.

"पाइप सुटला," नाना म्हणाले.

धक्क्यावर असा आरडाओरडा झाला की फाटकावरचं कुत्रं पळून गेलं.

नाना बोटीची शिडी उतरून धक्क्यावर आले. हातमोजे काढले. ठेवायला जागा सापडेना म्हणून परत घातले, परत काढले. टँकरबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, पहिल्या दिवशी होती तशीच.

"आक्कांचं ऐकलं," ती म्हणाली. "आता तुमच्या तोंडून ऐकते. घोरण्याचं सोडून."

नाना बोलायला लागले, आणि इतक्या वर्षांचा साठा एकदम सुटला. "बाई, मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण वेळ चुकते. तुम्ही येणार असलात की मी आदल्या दिवसापासून मनात बोलतो, अगदी छान बोलतो, तुम्हाला हसवतोसुद्धा. मग तुम्ही येता आणि पाइप जोडला जातो. तुम्ही जाता तेव्हा फाटकापर्यंत तुमचे मागचे दिवे बघतो. डावा बारीक लागतो, तो बदलून घ्या. तुम्ही गेलात तर दुसरं कुणी येईल, डिझेल भरलं जाईल, बोट चालेल. मी चालणार नाही. माझ्याशी लग्न करता का?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली.

"एवढं बोलायला इतकी वर्षं?" टँकरबाई म्हणाली. आता तिचे डोळे खरंच ओले होते. "अहो, ती बदली कुणी केली नाही माझी. मीच मागितली. तुमचा तो हळूचा हात बघून बघून कंटाळले. म्हटलं, या माणसाचं हळू काही संपणार नाही, आपणच बंद करावं."

"मग आता?"

"आता सासूबाईंना विचारते. त्या घरात मी सून म्हणून आले, न विचारता हलायची नाही."

ती दोरीबाहेर गेली, कारण दोरी अजून सोडलेली नव्हती, आणि खिशातून मोबाइल काढून चालू केला. गर्दी तिच्याभोवती अशी जमली की तिने तो मोठ्या आवाजावरच लावला. नाहीतरी सगळे ऐकणारच होते.

"आई, मी बोलतेय. ते थेंबूनाना आहेत ना..."

"विचारलं का एकदाचं?" पलीकडून खरखरीत, कडक आवाज आला. "रोज रात्री जेवताना त्याचंच पुराण ऐकते मी. भोकं बुजवली, भुसा ओतला. मला तर वाटलं होतं, लग्न होऊन गेलं असेल आणि मलाच सांगायचं राहिलंय. हो म्हण! आणि त्याला फोन दे."

नानांनी दोरीबाहेर येऊन फोन दोन्ही हातांत धरला, पिल्लू धरावं तसा.

"हे बघ बाबा, माझा मुलगा गेला, तेव्हा ही मला सोडून गेली नाही. त्यामुळे ही सून सुटी मिळत नाही. सासूसकट घ्यावी लागते. चालेल?"

"तुमच्याशिवाय कसं चालेल, आई," नाना म्हणाले. "फक्त खिडकीचा पडदा स्टोव्हच्या..."

आक्काने फोन हिसकावून घेतला. "विहीणबाई, नमस्कार! मी आक्का! याचं काही ऐकू नका, पडदे आपण दोघी ठरवू!"

शिंपी एव्हाना नानांच्या पाठीला टेप लावून खांद्याचं माप घेत होता. "कोट माझ्याकडेच हं नाना. हात वर करा. एवढे नको, फुली नको!" कप्तानाने भोंगा वाजवला, मग परत वाजवला, मग नुसताच गमतीने वाजवत बसला. लोक हसत, एकमेकांना ढकलत बोटीत चढायला लागले. उशीर सगळ्यांनाच झाला होता, पण तक्रार कुणाची नव्हती. बाया टोपल्यांतलं काहीबाही नानांच्या खिशात कोंबत होत्या.

टँकरबाई केबिनमध्ये चढली. खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाली, "दुपारीच डेपोत सांगते, बदली नको म्हणून. तुमचं राहिलेलं वीतभर परवा आणते."

"परवा कशाला? उद्या या."

"उद्या डिझेल लागणार नाही तुम्हाला."

"नाही लागणार," नाना म्हणाले. "उद्या टँकर ठेवून या."

आणि स्वतःच्याच धाडसाला घाबरून, वळले ते कुणाकडे न बघता शिडी चढून थेट इंजिनखोलीत गेले.